सार्वमताची तारीख नाही, घराची आहे

प्रश्न: आम्ही २०११ पासून एडिंबरात आहोत. नवरा पेन्शन आणि गुंतवणुकीच्या एका कंपनीत आहे, मी शाळेत सहायक आहे. त्याने ब्रिटिश नागरिकत्व घेतलं, मी अजून भारतीय पासपोर्टवर, कायम वास्तव्याच्या परवान्यावर. मुलगा सतरा वर्षांचा, स्वतंत्र स्कॉटलंडचा कट्टर समर्थक. रोज रात्री जेवताना बापलेकांची जुंपते. मुलाचं म्हणणं, स्वतंत्र झालो की थेट युरोपीय संघात, तेल आपलं, नोटा तर आत्ताच आपल्या आहेत. बाप म्हणतो, पौंड जाईल, पेन्शन जाईल, कंपनी लंडनला जाईल. भाड्याच्या घरातून बाहेर पडून स्वतःचं घर घ्यायचं आम्ही ठरवलंय, तर आता नवऱ्याचा सूर असा की 'यांचं एकदा काय ते ठरू दे, मग बघू.' थांबावं का? माझ्या परवान्याचं काय होईल? आणि या दोघांत खरं कोण बोलतंय?
– दोघांच्या मधली

ताई,

आधी तुमच्या नवऱ्याच्या 'एकदा ठरू दे'बद्दल. कोण ठरवणार आणि कधी? २३ नोव्हेंबर २०२२ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की लंडनच्या संमतीशिवाय स्कॉटिश संसदेला स्वातंत्र्याचं सार्वमत घेण्यासाठी कायदा करता येणार नाही. २०१४चं सार्वमत झालं, कारण ऑक्टोबर २०१२मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमरन आणि स्कॉटलंडचे तेव्हाचे प्रथममंत्री अ‍ॅलेक्स सॅमंड यांनी एडिंबरात बसून करारावर सह्या केल्या होत्या. त्या सार्वमताची तारीख आधीपासून माहीत होती. आज तुमच्या घरात चाललंय ते बाजारात तुरी असताना. तुरी येणारच नाहीत असं मात्र मी म्हणत नाही. २०१४ला ५५.३ टक्के 'नाही' आणि ४४.७ टक्के 'हो' असा निकाल लागला, मतदान ८४.६ टक्के झालं, आणि नंतरच्या वर्षांत सर्वेक्षणं बहुतेक वेळा निम्म्या-निम्म्याच्या आसपासच घोटाळत राहिली. असा प्रश्न मिटला असं कोणी म्हणू नये. भिजत घोंगडं आहे, आणि ते बराच काळ भिजत राहू शकतं.

आता खरं कोण बोलतंय. दोघेही थोडं थोडं खरं बोलतायत, आणि दोघांची चूक एकच आहे. मतपेटीतून निकाल बाहेर आला की त्याचे परिणामही त्याच पेटीतून बाहेर पडतात, असं दोघांनी धरलंय. तुम्ही २०१४ला मत दिलं असेल (राष्ट्रकुलातल्या रहिवाशांना तेव्हा मत होतं, भारतीय पासपोर्टवरही), तर मतपत्रिका आठवून बघा. 'स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का?' एवढा एकच प्रश्न होता. चलन, पेन्शन, सीमा यांतलं अक्षरही त्यावर नव्हतं. ते सगळं नंतर ठरणार होतं, आणि ठरवणारे निरनिराळे होते. काही एडिंबरा, काही लंडन, काही ब्रसेल्स, आणि काही असे की जे कुणालाच विचारत नाहीत, म्हणजे बाजार. म्हणून तुमच्या टेबलावर कुठलाही दावा आला, की खरा की खोटा हे नंतर विचारा. आधी विचारा: हे कोणाच्या हातात आहे?

पौंडाला हा प्रश्न लावून बघू, कारण तुमचं घर शेवटी तिथेच अडकलंय.

मुलाला सांगा, खिशातल्या नोटेवर स्कॉटिश बँकेचं नाव असलं म्हणून ते चलन स्कॉटलंडचं होत नाही. तीन बँकांना नोटा छापायचा परवाना आहे, आणि त्या नोटांच्या मोबदल्यात त्यांना तारण ठेवावं लागतं, मुख्यतः बँक ऑफ इंग्लंडकडे. व्याजदर लंडनला ठरतो, चलन तिथलंच. नोव्हेंबर २०१३च्या श्वेतपत्रिकेत स्कॉटिश सरकारने आपली योजना मांडली होती: उरलेल्या ब्रिटनबरोबर चलनसंघ करू, पौंड दोघांचा. ६५० प्रश्नांची उत्तरं देणारा जाडजूड ग्रंथ होता तो. १३ फेब्रुवारी २०१४ला ब्रिटनचे तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न एडिंबरात आले आणि चलनसंघ होणार नाही असं सांगून गेले. मजूर आणि लिबरल डेमोक्रॅट या पक्षांनीही तेच म्हटलं. जी गोष्ट समोरच्याच्या सहीवाचून होत नाही ती आपल्या योजनेचा पाया करायची, याचं फळ ते होतं. 'हो'वाल्यांचं म्हणणं होतं की हा नुसता दम आहे, निकाल लागला की लंडन वाटाघाटीला बसेल. कदाचित बसलंही असतं. पण 'कदाचित'वर बँक कर्ज देत नाही.

मग उरतात दुसरे रस्ते. कुणालाही न विचारता पौंड वापरत राहायचा. यात बेकायदा काही नाही. मॉन्टेनेग्रो युरो असाच वापरतो, आणि त्याआधी जर्मन मार्क असाच वापरायचा. व्यवहार चालतो, पण आपल्याकडच्या बँकेवर संकट आलं तर पैसा उभा करून देणारी मध्यवर्ती बँक आपली नसते. २०१८मध्ये स्वातंत्र्यवादी स्कॉटिश नॅशनल पार्टीने नेमलेल्या आर्थिक वाढ आयोगाने सुचवलं, की आधी पौंडच वापरू आणि सहा कसोट्या पूर्ण झाल्या की स्वतःचं चलन आणू. ऑक्टोबर २०२२च्या स्कॉटिश सरकारच्या निबंधातही तोच क्रम आहे: आधी पौंड, मग परिस्थिती जुळली की लवकरात लवकर स्कॉटिश पौंड. म्हणजे 'पौंड जाईल' हे नवऱ्याचं वाक्य पहिल्या दिवसापुरतं चुकीचं आणि काही वर्षांनी बरोबर ठरू शकणारं, असं म्हणावं लागेल.

'आधी एक चलन, मग दुसरं' यातला मधला काळ फार नाजूक असतो. चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले १ जानेवारी १९९३ला. (तिथे सार्वमत झालंच नाही, पुढाऱ्यांनी आपसांत ठरवलं.) दोघांनी काही काळ एकच कोरुना चालवायची असं ठरवलं होतं. पण स्लोव्हाक कोरुना पुढेमागे स्वस्त होणार हे लोकांना कळत होतं, म्हणून पैसा चेक बाजूला, प्रागकडे वाहायला लागला. ८ फेब्रुवारीला चलन वेगळं झालं, जेमतेम सव्वा महिन्यात. नव्या नोटा छापून तयार नव्हत्या, म्हणून जुन्याच नोटांवर टपाल तिकिटासारखी चिकटपट्टी लावली आणि पट्टी असलेली नोट ती आपली, असा हिशेब सुरू झाला. जुलैमध्ये स्लोव्हाक कोरुनाचं दहा टक्के अवमूल्यन झालं. हे नवऱ्याच्या बाजूचं. मुलाच्या बाजूचं असं, की त्याने स्लोव्हाकिया बुडाला नाही. २००९मध्ये त्याने युरो घेतला, आणि चेक लोक अजून कोरुनातच आहेत. दोघांनाही एकाच बैठकीत हे अख्खं सांगा, अर्धं अर्धं नको.

पेन्शनचं भांडण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्यामुळे होतंय. नवऱ्याच्या कंपनीतली, त्याच्या नावावर साठणारी पेन्शन म्हणजे गुंतवलेला पैसा. ती मालमत्ता आहे, देश बदलला म्हणून हवेत विरत नाही, फक्त पुढे कुठल्या चलनात मोजली जाईल हा प्रश्न राहतो. सरकारी पेन्शनची गोष्ट निराळी. तिच्यामागे तुमच्या नावाची थैली कुठेच ठेवलेली नाही. आज काम करणाऱ्यांच्या नॅशनल इन्शुरन्सच्या वर्गणीतून आजच्या म्हाताऱ्यांना ती मिळते. स्वातंत्र्यानंतर ती जबाबदारी कोण किती उचलणार, हे वाटाघाटीतच ठरेल, आणि तिथे स्कॉटलंडच्या हातातही काही पत्ते असतील. जानेवारी २०१४मध्ये ब्रिटिश अर्थखात्याने जाहीर केलं होतं की निकाल काहीही लागो, ब्रिटनचे सगळे कर्जरोखे आम्ही फेडू. गुंतवणूकदार बिथरू नयेत म्हणून ते करणं भाग होतं. पण त्यामुळे कर्जातला आपला वाटा उचलायचा की नाही, ही सौदेबाजी एडिंबराच्या हाती आली. तुम्ही मात्र एक करा: दोघांच्या नॅशनल इन्शुरन्सची किती वर्षं भरली आहेत ते सरकारी संकेतस्थळावर बघून घ्या. पूर्ण पेन्शनला साधारण ३५ वर्षं लागतात. त्यातली न भरलेली वर्षं हा तुमच्या म्हातारपणाचा सार्वमतापेक्षा जवळचा प्रश्न आहे.

कंपनी जाईल का? नोंदणी जाऊ शकते. २०१४मध्ये स्टँडर्ड लाइफने तशी तयारी सुरू केल्याचं सांगितलं होतं, आणि मतदानाला आठवडा उरला असताना रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आणि लॉइड्स यांनीही, गरज पडली तर कायदेशीर मुक्काम इंग्लंडला हलवू असं म्हटलं. त्याच वेळी रॉयल बँकेच्या प्रमुखांनी कर्मचाऱ्यांना कळवलं होतं, की यात नोकऱ्या हलवायचा हेतू नाही. स्पेनच्या कॅटलोनियात ऑक्टोबर २०१७मध्ये स्वातंत्र्याचा वाद पेटला तेव्हा असंच झालं. काइशाबँक व्हॅलेन्सियाला, साबादेल बँक अलिकान्तेला, म्हणजे दोन्ही कॅटलोनियाबाहेर गेल्या, आणि पाठोपाठ हजारो कंपन्यांनी नोंदणीचे पत्ते बदलले. पत्ता बदलणं एका ठरावाचं काम असतं, माणसं हलवणं वर्षांचं. नवऱ्याला सांगा, दारावरची पाटी आणि आतली खुर्ची यांत फरक असतो. मात्र ग्राहक मुख्यतः इंग्लंडमध्ये असतील, आणि उद्या दोन नियामक झाले, तर खुर्च्याही हळूहळू ग्राहकांच्या दिशेने सरकतात. त्याच्या कंपनीचे ग्राहक कुठे आहेत हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आता मुलाचं युरोपचं. 'थेट' हा शब्द त्याने काढून टाकावा. २०१६च्या ब्रेक्झिट सार्वमतात स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी राहण्याच्या बाजूने मत दिलं आणि तरी बाहेर पडावं लागलं, ही त्याची चीड समजण्यासारखी आहे. माझ्या मते 'हो'वाल्यांचा तो सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. पण प्रवेशाला सगळ्या सदस्य देशांची संमती लागते. फिनलंडला अर्जापासून सदस्यत्वापर्यंत तीन वर्षांहूनही कमी लागली (१९९२ ते १९९५), क्रोएशियाला दहा (२००३ ते २०१३). स्कॉटलंडचे कायदे चार दशकं युरोपीय चौकटीत होते, म्हणून फिनलंडच्या जवळ असेल असं मी धरेन. पण आत गेल्यावर काय? स्कॉटलंडबाहेर जाणाऱ्या मालातला आणि सेवांतला सुमारे ६० टक्के भाग उरलेल्या ब्रिटनमध्ये जातो. स्कॉटलंड संघात आणि इंग्लंड बाहेर, म्हणजे इंग्लंडच्या सीमेवरच्या ग्रेटना आणि बेरिकपाशी युरोपीय संघाची सीमाशुल्क हद्द. माणसांचं कदाचित अडणार नाही, आयर्लंडबरोबरचा सामाईक प्रवासक्षेत्राचा जुना बंदोबस्त नमुन्याला आहे. अडेल ते मालाच्या ट्रकचं. कागद, तपासणी, वेळ. ब्रेक्झिटनंतर खुद्द ब्रिटनने युरोपातून येणाऱ्या खाद्यपदार्थांची तपासणी वारंवार पुढे ढकलली आणि ती २०२४मध्ये कुठे टप्प्याटप्प्याने सुरू झाली. सीमा उभी करणं किती जिकिरीचं असतं, याचा पुरावा नवऱ्यालाही त्यातून मिळेल आणि मुलालाही. बाप म्हणेल, बघ किती त्रास. मुलगा म्हणेल, हा त्रास तुमच्या लाडक्या लंडननेच दिला. दोघेही बरोबर.

तेलावर फार बोलत नाही. श्वेतपत्रिका लिहिताना पिंपाचा भाव ११० डॉलरच्या आसपास धरला होता, जानेवारी २०१६मध्ये तो काही काळ ३० डॉलरच्या खाली होता. त्याच श्वेतपत्रिकेने स्वातंत्र्याचा दिवस २४ मार्च २०१६ ठरवला होता. एवढं मुलाला पुरे.

तुटीचा आकडा मात्र टाळता येत नाही. दर ऑगस्टच्या सुमाराला स्कॉटिश सरकारचेच सांख्यिकी अधिकारी जमाखर्चाचा अंदाज काढतात. २०२३-२४ साठी उत्तर समुद्रातल्या तेलाचा वाटा धरूनही तूट सकल उत्पन्नाच्या १०.४ टक्के होती, अख्ख्या ब्रिटनची त्याच्या निम्म्याहून कमी. तुमचा मुलगा म्हणत असणार की हा हिशेब संघराज्यातला आहे, स्वतंत्र देश वेगळे निर्णय घेईल. खरं आहे. संरक्षण आणि कर्जावरचं व्याज असले खर्च त्यात लोकसंख्येच्या प्रमाणात डोक्यावर टाकलेले असतात. पण पहिल्या अर्थसंकल्पाची सुरुवात याच्या जवळपासच्याच आकड्यापासून होईल, आणि त्याच्या बाजूच्या वाढ आयोगानेही पाच ते दहा वर्षांत तूट तीन टक्क्यांच्या खाली आणायचं लक्ष्य ठेवलं होतं. त्या वर्षांत कर वाढवायचे की खर्च आवरायचा, हे त्याने सांगावं. पटणारं उत्तर दिलं तर मला वाटतं त्याने वाद जिंकला.

आणि बाप 'आहे तेच स्थिर' म्हणाला, तर त्याला सप्टेंबर २०२२ची आठवण द्या. लंडनच्या एका अर्थसंकल्पी घोषणेनंतर ऑक्टोबरमध्ये गृहकर्जाच्या दोन वर्षांच्या स्थिर व्याजाची सरासरी सहा टक्क्यांच्या वर गेली होती. अलीकडच्या काळात गृहकर्जाचा हप्ता सगळ्यात जोरात हलला तो असा, आणि त्यात स्कॉटिश सार्वमताचा काडीचाही संबंध नव्हता.

तुमच्या परवान्याबद्दल. तो ब्रिटनच्या कायद्याखाली मिळालाय. नव्या देशाने तो मान्य करायचा की कसा, हे तो देश ठरवेल. २०१३च्या श्वेतपत्रिकेत स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या ब्रिटिश नागरिकांना आपोआप नागरिकत्व मिळेल असं होतं. तुमचा नवरा त्यात बसतो, तुम्ही बसत नाही. तुमच्यासारख्यांना घालवून द्यावं असं 'हो'वाल्यांतलं जबाबदार कोणी म्हणत नाही, उलट त्यांना माणसं हवीच आहेत. तरीही आपोआप मिळणं आणि अर्ज करून मिळणं यांत फरक आहे. केवळ या भीतीने भारतीय पासपोर्ट सोडू नका. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, एकदा सोडला की ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीच्या) कार्डावर यावं लागतं, आणि तुम्ही आजवर तो ठेवलात म्हणजे त्यामागे कारण असणार. मात्र इ-व्हिसाचं, म्हणजे परवान्याच्या ऑनलाइन नोंदीचं खातं चालू आहे ना, त्यावरचा पासपोर्ट क्रमांक ताजा आहे ना, हे आजच बघा. आणि सलग दोन वर्षं ब्रिटनबाहेर राहिलात तर परवाना जातो, हे आईवडिलांकडे लांबच्या मुक्कामाला जाताना लक्षात असू द्या.

घर. माझं मत, थांबू नका.

कारण असं. गेल्या वेळी दोन्ही सरकारांचं सहकार्य असताना करारापासून मतदानापर्यंत जवळजवळ दोन वर्षं गेली आणि पुढे दीड वर्षाने स्वातंत्र्य अशी योजना होती. म्हणजे साडेतीन वर्षं, तीही सगळं सुरळीत झालं तर. ब्रेक्झिटला मतदानापासून बदल प्रत्यक्ष जाणवेपर्यंत साडेचार वर्षं लागली. आजपासून पाच वर्षांचा स्थिर व्याजदर घेतलात, तर सार्वमताची घोषणा उद्या सकाळी झाली तरी तुमच्या हप्त्याचा बराचसा काळ जुन्याच व्यवस्थेत जाईल. मुदतीआधी फेडल्यास किती दंड आहे, आणि घर बदललं तर कर्ज नव्या घरावर नेता येतं का, हे सही करण्याआधी विचारा.

खरा धोका एकाच जागी आहे: पगार एका चलनात आणि कर्ज दुसऱ्या चलनात. पोलंडमध्ये हजारो कुटुंबांनी व्याज कमी म्हणून स्विस फ्रँकमध्ये गृहकर्ज घेतलं, पगार झ्लॉटीत. जानेवारी २०१५मध्ये फ्रँक एका दिवसात उसळला आणि लोकांचं कर्ज घराच्या किमतीच्या वर गेलं. स्कॉटिश पौंड आला तर जुनी कर्जं त्यात बदलायची की नाहीत, हे कायदा करून ठरवावं लागेल, आणि त्यावर बँका शांत बसणार नाहीत. म्हणून कर्ज ऐपतीच्या टोकापर्यंत ताणू नका. बँक देते तेवढं सगळं घेऊ नका, सहाएक महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवा. हा सल्ला सार्वमत कधीच झालं नाही तरी वाया जात नाही.

घराची मालकी कुठेही जात नाही. इथला मालमत्ता कायदा १७०७च्या एकीकरणानंतरही वेगळाच राहिला. नोंदणी स्कॉटलंडची, घरखरेदीवरचा कर २०१५पासून स्कॉटलंडचा, आरोग्यसेवा आणि शाळा होलीरूडच्याच, म्हणजे स्कॉटिश संसदेच्याच हाती. आयकराचे टप्पेसुद्धा इंग्लंडहून वेगळे, आता सहा. तुमच्या रोजच्या जगण्यातलं निम्मं आधीच एडिंबरा चालवतं, हे बापलेक दोघेही भांडताना विसरतात.

टेबलावरच्या भांडणासाठी एकच नियम लावून बघा, आठवडाभर. जो दावा करेल त्याने तो कोणाच्या हातात आहे हेही सांगायचं, आणि ते 'समोरच्याच्या' असेल तर समोरचा का ऐकेल तेही. पहिल्या दोन रात्री शांतता राहील. नंतर वाद परत सुरू होईल, पण बरा होईल. मुलाला मत आहे (इथे स्कॉटिश निवडणुकांत सोळाव्या वर्षी मिळतं, २०१४च्या सार्वमतातही मिळालं होतं), तेव्हा त्याच्याशी मतदार म्हणून बोला. तुम्हालाही आहे. तुमचं मत काय, हे तुम्ही पत्रात कुठेच लिहिलं नाहीत, आणि मला वाटतं त्या टेबलावरही ते कोणी विचारलेलं नाही.

राहता राहिलं घर बघायचं काम. होम रिपोर्ट, म्हणजे घराच्या स्थितीचा अहवाल, विकणाऱ्याने द्यायचा असतो, त्यातल्या छताच्या आणि ओलीच्या शेऱ्यांवर तुमच्या सॉलिसिटरशी (खरेदी करून देणाऱ्या वकिलाशी) नीट बोला. 'ऑफर्स ओव्हर' किमतीवर, म्हणजे विकणाऱ्याने 'याच्या वर बोला' म्हणून लावलेल्या आकड्यावर, किती चढायचं हा आकडा बोली लावायच्या आधी दोघांनी मिळून कागदावर लिहून ठेवा, आणि त्याच्या वर जाऊ नका.